मूल होत नसेल तर तपासणी दोघांची
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



विषय पुरुषांचा आणि सभा बायकांची, हे जरा विचित्र वाटेल. पण लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की घरात जी बोलणी सुरू होतात ती बहुधा आपण बायकाच करतो. सासू नवसाला नेते, मावशी औषध सुचवते, शेजारीण हळदीकुंकवाला बोलावते पण ओटी भरताना दुसरीला पुढे करते. हे सारे सुनेच्या वाट्याला! मुलाचे नाव त्यात कोठेच नसते. तेव्हा आजचे बोलणे मुख्यतः सासवांसाठी आहे असे समजा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत संपूर्ण कारण किंवा त्याचा काही भाग पुरुषाकडे असतो. असा पुरुष दिसायला धडधाकट असतो, संसारसुखातही उणीव नसते. फक्त वीर्यातील शुक्रजंतू थोडे असतात, मंद असतात, क्वचित मुळीच नसतात. हे डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. त्यामुळे तपासणी म्हणजे मर्दपणावर शंका, हा समज अगदी चुकीचा आहे.

शुक्रजंतू तयार व्हायला शरीराहून दोन ते चार अंश कमी उष्णता लागते, म्हणून निसर्गाने वृषणे बाहेर ठेवली. तेथील शिरा फुगल्या तर काम बिघडू शकते. याला व्हेरिकोसील म्हणतात, आणि काहींना शस्त्रक्रियेने गुण येतो. वयात आल्यावर गालगुंड झाले आणि सूज वृषणांत उतरली तरी नुकसान होते. तंबाखूही वाईट. अंग पिळदार व्हावे म्हणून काही तरुण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. त्याने पुरुषत्व वाढेल असे त्यांना वाटते, प्रत्यक्षात शुक्रजंतू बनणेच थांबते. बंद केल्यावर बहुधा पूर्ववत होते, पण महिनेच्या महिने जातात.

एक गोष्ट आज्यांच्या हातची आहे. मुलग्याला न्हाऊ घालताना दोन्ही वृषणे खाली उतरली आहेत ना, हे पाहावे. सहा महिन्यांपर्यंत उतरली नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी. "मोठा झाला की आपोआप होईल" म्हणून थांबण्यात मुलाचेच नुकसान आहे.

आता तपासणी. दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा. घरून न्यायचा असल्यास अंगाशी उबेत धरून तासाभरात पोचवायचा. सुई नाही, चिरफाड नाही. असे असता सुनेच्या पोटात दुर्बीण घालून होते तरी नवऱ्याचा नमुना दिलेला नसतो, हे मला फार खटकते. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर, आणि बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी एकदम सुरुवात करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख ही खालची मर्यादा दिली आहे. त्याहून कमी म्हणजे अशक्य, असे नव्हे. शुक्रजंतू बनायला सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला तरी आकडा घसरतो. म्हणून एका अहवालावर निकाल देत नाहीत, पुन्हा तपासतात. मुळीच न आढळल्यास नळी बंद आहे की उत्पत्तीच नाही, हे रक्तातील हार्मोन्स आणि गुणसूत्रे पाहून ठरवतात. नळी बंद असली तर वृषणातून शुक्रजंतू काढून एकेक बीजात सोडता येतो. ही रीत 1992 पासून रूढ झाली. खर्चाची आहे आणि दर वेळी यश येतेच असे नाही. काहींत तर कारण सापडतच नाही.

अहवाल त्या दोघांनीच पाहावा, घरभर फिरवू नये. आईचे काम वेगळे आहे. लहानपणी हर्नियाचे ऑपरेशन झाले होते का, गालगुंड कोणत्या वयात आले, हे डॉक्टर मुलाला विचारतात आणि त्याला ते आठवत नाही. तेवढे कागदावर लिहून त्याच्या हाती द्या.