कॉम्प्युटर सुरू करताना दोन विंडोज दिसतात?



परंडा असो की कळंब, प्रभागसंघाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर सुरू केला की कधी कधी पडद्यावर दोन विंडोजची नावं येतात. जुनी न काढता नवी टाकली की असं होतं. चुकून जुनीत शिरलं की गटाचे हिशोब दिसत नाहीत, अन् सगळं उडालं म्हणून जीव घाबरा होतो. उडालेलं काही नसतं, आपण दुसऱ्या खोलीत शिरलेलो असतो.

जुनी विंडोज ७ असेल तर तिचे सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत. तिच्यात हिशोब नकोच.

आधी जुनीत जाऊन बघा. ठराव, बचतीच्या याद्या तिथं असतील तर पेनड्राइव्हवर घ्या. मग रोजच्या विंडोजमध्ये या. खालच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजीत एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही अक्षरं लिहून एंटर दाबा. 'बूट'वर क्लिक करा. ज्या नावापुढं 'करंट ओएस' लिहिलंय, त्याला हात लावू नका. दुसरं नाव निवडा, मग 'डिलीट', 'अप्लाय', 'ओके' करून रीस्टार्ट करा.

यानं फक्त दारावरची पाटी निघते, खोलीतलं सामान जागेवरच राहतं. म्हणजे फायली जात नाहीत.

हे काम सचिव अन् लेखापाल ताईंनी सोबत बसून करा, अन् तारीख टाकून वहीत नोंद ठेवा. दुकानदाराला द्यायचे पैसे गटातच राहतील.