म्हातारी सायकल आणि मी
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात नामवंत वक्ते येतात. यंदा त्यांच्यापैकी कोणाची तरी गाडी चुकली असावी, म्हणून माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या इंजिनिअरला उभं केलं आहे. "बोलू कशावर?" असं विचारलं, तर आपले सेक्रेटरी काका म्हणाले, "तुझ्या त्या सायकलीवर बोल. एवढा पगार असून हा माणूस ऑफिसला सायकलने का जातो, हे लोकांना एकदा कळू दे." तर आज ते सांगून टाकतो.

गोष्ट भुसावळपासून सुरू होते. माझे बाबा तिथे रेल्वेत फिटर होते. शेजारच्या क्वार्टरमधले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा बाबांनी त्यांची रॅले सायकल विकत घेतली. काळी, सळईच्या ब्रेकची, चेनकव्हर असलेली. मी नळीवर, ताई कॅरियरवर आणि हँडलला भाजीची पिशवी, असा आमचा संसार त्या सायकलीवर चालायचा. दर रविवारी बाबा ती उलटी करून तेलपाणी करत. पंप मात्र भिंतीतल्या खिळ्यावर टांगलेला असे. त्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

पुढे मी नोकरीला लागलो. २००३ साली पश्चिम मध्य रेल्वे सुरू झाली आणि जबलपूर तिचं मुख्यालय झालं. त्याच सुमारास मी इथे आलो. पहिल्या बोनसमध्ये थोडी भर घालून मोटारसायकल घेतली. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा अंगणात ती रॅले उभी होती. मला तिची लाज वाटली. बाबा बाजारात गेले असताना मी ती भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. तीनशे रुपये आले. बाबांना ते समजलं, पण ते एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दूध आणायला पायी गेले. बस्स, एवढंच.

२०११ साली बाबा गेले. घर आवरताना तो पंप खिळ्यावर तसाच होता. वॉशरला तेल लावलेलं होतं. सायकल नसताना सात-आठ वर्षं ते पंपाला तेल लावत होते! तो पंप मी जबलपूरला आणला. तीन वर्षांनी इथल्याच एका कबाड्याकडे तशीच एक रॅले दिसली. गंजलेली, सीट नसलेली, पुढचा चिमटा वाकलेला. भाव न करता घेतली.

मग खरा अभ्यास सुरू झाला. जुन्या सायकलींवर नुसता जीव असून भागत नाही, त्यांचं व्याकरण शिकावं लागतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेने पायडलच्या एक्सलच्या कपांना इंचाला २६ आटे ठेवले होते. बाकीच्या बहुतेक इंग्लिश सायकलींना २४. दिसायला कप सारखाच. बळेच फिरवला, तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. माझ्या सायकलीच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब निघाला. या हबच्या अंगावर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. त्यामुळे चाकाचं वय विचारावं लागत नाही. पुढे ४६ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक. मधल्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात साधारण ५.७ मीटर अंतर जातं. पहिल्या गिअरमध्ये त्याच्या पाऊणपट, तिसऱ्यात सव्वापटीहून थोडं जास्त. ही सगळी यंत्रणा एका मुठीएवढ्या हबमध्ये बसवली आहे. आम्ही रेल्वेवालेसुद्धा टोपी काढावी, असं ते काम आहे.

अशी वेडी माणसं आपल्या मराठी मुलुखात बरीच आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे आहे. पुण्याला गेलात, तर सारसबागेबरोबर तेही बघा. पण माझा मार्ग थोडा वेगळा. माझी सायकल काचेमागे नाही, रोज रस्त्यावर असते. छर्रे फिरत राहिले, तरच त्यांना गंज लागत नाही. माणसाच्या गुडघ्यांचंही तसंच आहे.

घरून ऑफिस अकरा किलोमीटर, जाऊन-येऊन बावीस. वर्षातले २८० दिवस धरले, तर सहा हजार किलोमीटरच्या वर जातात. मोटारसायकलला लिटरमागे पन्नास किलोमीटर धरा. सव्वाशे लिटरच्या आसपास पेट्रोल वाचतं. लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे वर्षाला बारा हजारांहून जास्त. सौभाग्यवतींना हा हिशेब पटला आहे, म्हणून घरात शांतता आहे.

तिन्ही ऋतूंचं सांगतो. मे महिन्यात सहा वाजता निघायचं आणि बाटलीत मीठ-साखर-लिंबू ठेवायचं. जानेवारीत नर्मदेचं धुकं रस्त्यावर येतं, तेव्हा कानटोपी आणि दिवा. खरी परीक्षा पावसाळ्यात. लोखंडी रिमवर पाणी पडलं की ब्रेकचं रबर नुसतं घसरतं. पहिल्याच पावसाळ्यात घाटाकडच्या उतारावर मी दोन्ही ब्रेक आवळले, तरी सायकल आपली चाललीच! शेवटी चपलेने ब्रेक लावला. चप्पल गेली, मी वाचलो. तेव्हापासून पावसात उतार आला की वरूनच ब्रेक हलके लावून रिम पुसून घेतो. बरगीचे दरवाजे उघडून जुना पूल पाण्याखाली गेला असेल, त्या दिवशी मात्र घाटाकडे फिरकायचं नाही. शौर्य दाखवायला दुसऱ्या जागा आहेत.

आता ज्यासाठी उभा राहिलो, ते सांगतो. माझ्याकडचा एक ट्रॅकमन माझ्यापेक्षा जास्त वर्षं आणि माझ्यापेक्षा लांबून सायकलने येतो. एकदा मी कौतुकाने त्याला म्हटलं, "तुम भी हमारे जैसे सायकलवाले निकले!" तो हसून म्हणाला, "साहब, आपका शौक है, हमारी मजबूरी." त्या वाक्याने मला भुसावळचं अंगण आठवलं. मी सायकल चालवतो, तर लोक छंद म्हणतात, फोटो काढतात. तो चालवतो, तर लोक हॉर्न वाजवतात. बाबांच्या सायकलीकडे मीही हॉर्न वाजवणाऱ्याच्याच नजरेने पाहिलं होतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात संध्याकाळी त्याला हायवेवर मागून धक्का बसला. सायकलीला ना दिवा, ना मागे लाल काच. पाय मोडला, चार महिने घरी. नशीब म्हणायचं, जीव वाचला. रुळावर लाल-हिरवा सिग्नल चुकू नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि आमचाच माणूस अंधारात दिव्याशिवाय घरी जात होता! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

म्हणून मंडळाला एक विनंती. रोषणाईवर आपण हौसेने खर्च करतो. त्यातला थोडा भाग काढून लाल चमकपट्टीची रिळं आणू. विसर्जनापर्यंत मंडपात येणारा दूधवाला, फुलवाला, ढोलवाला, ज्याची सायकल असेल तिच्या मागच्या मडगार्डला आणि पायडलला पट्टी लावून देऊ. पट्टी लावायला मी रोज संध्याकाळी सात ते आठ इथे बसेन. हवा भरायला बाबांचा पंप आणलाच आहे. त्याला आता कोणीही हात लावला तरी चालेल.

आणि ज्यांच्या जिन्याखाली जुनी सायकल पडून आहे, त्यांनी ती विकण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावं. मी विचारलं नव्हतं.

गणपती बाप्पा मोरया!