तारेने बांधलेल्या कॅप
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



समितीने मला ‘माझी यशाची वाटचाल’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. त्या विषयासाठी आपल्या वर्गात दोन डॉक्टर आणि एक बँक मॅनेजर आहेत. मी आयुष्यभर इंजिनं खोलली आणि बांधली, त्यामुळे मला पिस्टन, गजन पिन आणि कनेक्टिंग रॉड यांच्या जुळणीबद्दलच बोलता येईल. निमित्त बाहेर पटांगणात उभं आहे. आपल्या विज्ञानाच्या सरांची पद्मिनी दोन महिने डोंबिवली एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये होती. आज सकाळी सर ती स्वतः चालवत ठाण्याला आले. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गरमसुद्धा झाली नाही, असं त्यांनी मला उतरल्या उतरल्या सांगितलं.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली. १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाईट होती, सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. तुमच्यापैकी अर्धेजण त्या बातमीने हळहळले, आणि त्यातल्या निम्म्यांनी टॅक्सीवाल्याशी सुट्या पैशांवरून भांडलेलं मी पाहिलंय, ते असो.

इंजिन साधं आहे. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, मिळून १,०८९ सीसी. मिनिटाला ४,५०० फेरे धरले तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ७५ वेळा वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. सरांनी आठवीत खडू दोरीला बांधून गरगर फिरवला होता, आठवतंय? दोरी सुटली आणि खडू खिडकीतून गेला. पुढे डिप्लोमाला ‘ओमेगा वर्ग आर’ भेटला तेव्हा मला तो खडूच दिसला. पद्मिनीच्या क्रँकची त्रिज्या साडेसदतीस मिलिमीटर. ती त्या सूत्रात घाला, रॉड तिरका होतो त्याची थोडी भर घाला, की सगळ्यात वरच्या जागी पिस्टनला बसणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट येते. म्हणजे काट्यावर दिसणारा १० ग्रॅमचा फरक चालत्या इंजिनात १० किलोचा होतो, तोही सेकंदाला ७५ वेळा.

यात गंमत अशी की एक आणि चार नंबरचे पिस्टन वर जातात तेव्हा दोन आणि तीन खाली येतात. चौघांचं वजन सारखं असेल तर एकमेकांचे हिसके एकमेकांत जिरतात. एक बारीक थरथर तरीही उरते, ती या रचनेचीच आहे, तिला इलाज नाही. पण एखादा जड निघाला की त्याचं ओझं क्रँक, बेअरिंग आणि शेवटी तुमचं स्टिअरिंग सोसतं. ठराविक वेगाला गाडी गुरगुरते आणि मालक टायरवाल्याकडे जातो.

सरांच्या गाडीत कोणीतरी आधी एकच पिस्टन बदलला होता, वेगळ्या कंपनीचा. तीन आणि तो एक यांत नऊ ग्रॅमचा फरक निघाला. मी चारही नवे घातले. नव्यांतही दोनतीन ग्रॅम इकडेतिकडे असतातच. जड पिस्टनच्या आतल्या बाजूला, पिनच्या बॉसखाली, जिथे ताकद लागत नाही तिथून थोडं थोडं काढायचं. डोक्याला हात लावायचा नाही. रॉडचं जरा वेगळं आहे. दोन रॉड एकूण वजनाला अगदी सारखे असले तरी एकाचं बिग एंड जड आणि दुसऱ्याचं स्मॉल एंड जड असू शकतं. बिग एंड क्रँकबरोबर फिरतं, स्मॉल एंड पिस्टनबरोबर वरखाली करतं. म्हणून एक टोक टांगून, रॉड आडवा ठेवून दुसरं टोक काट्यावर घ्यायचं, मग उलट. घासायचं ते टोकांवर ठेवलेल्या जाडीतून. मधल्या दांड्यावर कानस चालवणाऱ्याला मी शेडमधून हाकलतो.

पण वजनाच्या आधी फिट. नवा पिस्टन स्वतःच्या पिनसकट खोक्यात येतो, कारण कारखान्यात ती पिन त्या भोकासाठी मायक्रॉनमध्ये निवडलेली असते. चारही खोकी फोडून पिना एका वाटीत टाकल्या की ती जुळणी गेली, मग कितीही वजनं करा. तेलाचं बोट लावलेली पिन अंगठ्याने दाबल्यावर आत जायला हवी, पण उभी धरली तर आपोआप घसरता कामा नये. पिन घट्ट वाटली तर ठोकायची नाही, पिस्टन गरम पाण्यात ठेवायचा. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. वीसएक मिलिमीटरच्या भोकाला साठ अंशांत बारा मायक्रॉनच्या आसपास जागा मिळते आणि पिन लोण्यात शिरावी तशी शिरते.

हे सगळं मला पहिल्यांदा एका मिस्त्रींनी शिकवलं. त्यांच्याकडे ग्रॅम दाखवणारा काटा नव्हता, किराणावाल्याकडून आणलेला जुना तराजू होता. एका पारड्यात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा. ते म्हणायचे, “वजन किती ते वाण्याला लागतं. आपल्याला सारखं आहे का एवढंच हवं.”

आता जे सांगणार आहे ते आजवर घरीही सांगितलेलं नाही.

आम्ही किसननगरला राहायचो, हे तुम्हाला माहीत आहे. अण्णांची टॅक्सी होती, मुलुंड चेकनाक्याजवळ लागायची. दहावीच्या परीक्षेनंतर मी वागळे इस्टेटच्या मागच्या बाजूला त्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये हाताखाली राहिलो. एप्रिलमध्ये अण्णांची टॅक्सीच इंजिनाच्या कामाला आली. मिस्त्रींनी रॉड काढले आणि प्रत्येक रॉडला त्याची कॅप तारेने बांधून ठेवली. रॉड आणि कॅप एकत्र बोअर केलेले असतात. एकाची कॅप दुसऱ्यावर बसते, बोल्टही लागतात, पण भोक गोल राहत नाही. मला हे माहीत नव्हतं. मला रॉड चकचकीत करायचे होते. तारा सोडल्या, सगळं केरोसीनच्या डब्यात टाकलं, ब्रशने घासलं आणि बाजूला कोरलेले आकडे बघून जोड्या लावल्या. एकाला एक, चाराला चार. पण त्या इंजिनात आधी कधीतरी भंगारातला एक रॉड घातलेला होता, त्यामुळे ‘दोन’ हा आकडा दोन रॉडांवर होता. मी अंदाजाने लावल्या आणि पुन्हा तारा बांधून टाकल्या.

इंजिन बांधल्यावर क्रँक जरा जड फिरला. मिस्त्री थांबले. म्हणाले, “कॅपला हात लागलाय का रे कुणाचा?”

मी म्हणालो, “नाही.”

नवं बांधलेलं इंजिन थोडं जड असतंच, म्हणून त्यांनी पुढे काम केलं. अकराव्या दिवशी विक्रोळीजवळ हायवेवर इंजिन खटखटायला लागलं. बेअरिंग जळलं होतं, क्रँकवर चरे पडले होते. टॅक्सी तीन आठवडे उभी राहिली आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. मिस्त्रींनी दोन्ही कॅप हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. अण्णा दारात उभे होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, “माझ्याकडून चूक झाली.” मजुरी घेतली नाही. अण्णा सगळ्यांसमोर त्यांना वाटेल ते बोलले, आणि नाक्यावरच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला सांगितलं की तिकडे जाऊ नका. बरेचजण गेले नाहीत. त्या संध्याकाळी मिस्त्री मला फक्त एवढं म्हणाले, “उद्या येणार असशील तर वेळेवर ये.” मी गेलो नाही.

सर, तुम्ही मला अकरावी सायन्सचा फॉर्म घरी आणून दिला होता. मी आयटीआयचा भरला. तुम्हाला वाटलं पैशांमुळे. पैसे नव्हतेच, पण तेवढंच कारण नव्हतं. मला त्या दोन कॅप एकदा नीट बसवायच्या होत्या.

पुढे कल्याणच्या डिझेल शेडमध्ये अॅप्रेंटिस लागलो. तिथल्या अॅल्को इंजिनाला सोळा सिलिंडर, बोअर नऊ इंच, पिस्टन मांडीवर घेऊन बसावं एवढा. क्रँकच्या एकाच पिनवर दोन रॉड शेजारी शेजारी बसतात. पहिल्या दिवशी मी खिशातून तार काढून कॅप बांधायला लागलो. सीनियर फिटर हसले, मग त्यांनी मला ती बांधू दिली.

नोकरी लागल्यावर मी वागळे इस्टेटला गेलो होतो. शटरवर दुसरंच नाव होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, मिस्त्री गावी गेले. कोणत्या गावी, ते त्याला माहीत नव्हतं. अण्णा शेवटपर्यंत त्यांच्याबद्दल तेच बोलत राहिले. मी समोर बसून ऐकत राहिलो. पाटल्या मी सोडवून आणल्या, पण का आणल्या ते आईला सांगितलं नाही.

सरांच्या गाडीचं काम करताना रॉड मी स्वतः काढले, स्वतः धुतले, पोरांना हात लावू दिला नाही. पोरं वैतागली. चारही जोड आता एक ग्रॅमच्या आत आहेत. दोन नंबरच्या कॅपवर मी पंचाने दोन ठिपके मारलेत, रॉडवरही दोन, एकाच बाजूला. पुढच्या वेळी जो कोणी उघडेल त्याला दिसतील.

समितीचे अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. जेवणाआधी सरांनी चावी दिली तर मी बॉनेट उघडून इंजिन चालू करतो. पाण्याचा ग्लास टॅपेट कव्हरवर ठेवायचा आणि बघायचं. ज्यांनी पांढरे कपडे घातलेत त्यांनी जरा लांब उभं राहा.