जवानाचे खरे उत्तर



वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे सैन्याच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराचे गाव. 31 मे 2016 च्या पहाटे तेथे लागलेल्या आगीत दोन अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी यांनी प्राण गमावले. अशा प्रसंगातून वाचणाऱ्याच्या देहावरील जखमा दिसतात. मनावरील घाव कोणत्याही यंत्रात उमटत नाहीत. त्यासाठी त्या माणसालाच विचारावे लागते.

याच हेतूने पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी सैनिकांसाठी ‘होय-नाही’ उत्तरांची प्रश्नावली सिद्ध केली. ती प्रत्यक्ष उपयोगात येण्यापूर्वीच युद्ध संपले. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘पीएचक्यू-9’ मध्ये 9 प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांतील झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांविषयी प्रत्येकी 0 ते 3 गुण द्यायचे. बेरीज 10 किंवा अधिक झाल्यास डॉक्टरांकडून पुढील तपासणी करवून घेणे इष्ट मानतात. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ती केवळ दारावरची थाप.

परंतु दार आतून उघडले पाहिजे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, युद्धभूमीवरून परतलेल्या सैनिकांनी नावानिशी घेतलेल्या तपासणीपेक्षा निनावी प्रश्नावलीत मानसिक त्रासाची कबुली दोन ते चार पट अधिक दिली. माणसे तीच, दुःख तेच. फक्त भय दूर झाले होते. बढती अडेल, सोबती दुबळा म्हणतील, हे ते भय.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाने आपली अवस्था लपवली नाही. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, गांडीव हातातून निसटू लागले, हे त्याने सारथ्याला सांगितले. म्हणून त्याला कोणी भ्याड ठरवून रथातून उतरवले नाही. त्याचे ऐकून घेतले गेले. प्रश्नावली भरून घेणाऱ्याने हेच सारथ्य करावयाचे आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा अधिकार मान्य केला. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेली-मानस’चा स्वतंत्र कक्ष सुरू झाला, ‘टेली-मानस’चा क्रमांक 14416.

शासनाचे कार्य एवढे. उरलेले कुटुंबाचे. रजेवर आलेला मुलगा रात्र रात्र जागा राहत असेल, तर ‘फौजी माणसाला कसले दुःख?’ असे त्याला ऐकवू नये. घरात खरे बोलता आले, तरच तो कागदावर खरे लिहील.