वेटिंगमध्ये असताना



पीएचडीच्या यादीत नाव ‘वेटिंग’मध्ये लागलं की घरी सांगणं अवघड जातं. आपल्या घरांत वेटिंग म्हणजे रेल्वेचं तिकीट. आई विचारते, “मग कन्फर्म कधी होणार?” प्रश्न अगदी बरोबर आहे. रेल्वे निदान नंबर तरी सांगते. विद्यापीठालाही विचारा: कोणत्या प्रवर्गाच्या यादीत, कितवा नंबर, जागा सुटली तर कळवणार कसं? ईमेलवर विचारा, फोनवर नको.

मुलाखतीचे गुण वेगळे मागा. नेटवरून होणाऱ्या प्रवेशात, जेआरएफ नसेल तर, 70 टक्के भार नेटच्या गुणांना आणि 30 टक्के मुलाखतीला असतो. आपण घसरतो ते बहुधा त्या तिसात, असं माझं मत. जेएनयूमध्ये नफे समितीने 2016 मध्ये तोंडी परीक्षेचे गुण 30 वरून 15 करा म्हटलं होतं, ते उगाच नाही. केंद्रीय विद्यापीठाने उत्तर दिलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. मुदत मात्र 30 दिवसांची, म्हणून आजच टाका.

आणि हातातली दुसरी जागा सोडू नका. तिथे प्रवेश घ्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ मला पटत नाही. जेआरएफ नसलेल्यांचे नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. घरचे थांबतील, ते गुण थांबत नाहीत.