नाव गेली, गाडी गेली, गाव राहिले



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, तेव्हापासून रूळ आणि खडी यांतच रमलो. पण ‘फ्रान्सला जाऊन आलात, दोन शब्द बोला’ असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आयफेल टॉवर सर्वांना ठाऊक आहे; मी सॅं-सिर्क-लापोपी या खेड्याविषयी सांगतो. माझा भाऊ नोकरीनिमित्त तुलूझला असतो. तेथून काओरपर्यंत आगगाडीने आणि पुढे बसने आम्ही गेलो.

लोत नदीच्या काठी सुमारे १०० मीटर उंच कडा आणि त्याला बिलगून हे गाव. कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. उतरत्या कौलांची मध्ययुगीन दगडी घरे. त्यांतील १३ वास्तू ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित आहेत. पूर्वी येथील कारागीर लाकूड कातून दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवीत. काओरची वाईन नावांतून बोर्दोला जाई. परतताना नाव प्रवाहाविरुद्ध दोराने ओढावी लागे. पण कडा थेट पाण्यात उतरलेला, पाय ठेवायला जागा नाही! म्हणून १८४०च्या दशकात खडक कोरून पाण्यालगत वाट काढली. डोक्यावर खडकाचे छत, बाजूला नदी. डायनामाइटचे पेटंट १८६७चे. हे काम त्याआधीचे. मी बराच वेळ त्या खडकावरून हात फिरवत उभा होतो.

१८८६ मध्ये खोऱ्यात रेल्वे आली आणि नावांचा माल तिने घेतला. पुढे रस्त्याने रेल्वेचा माल घेतला. आज त्या मार्गावर गाडी धावत नाही. रेल्वेच्या माणसाला हे पाहून चुटपुट लागतेच. गाव मात्र टिकले. कवी आंद्रे ब्रेतों यांनी १९५१ मध्ये येथे घर घेतले. २०१२ मध्ये फ्रेंच जनतेने याला आपले आवडते गाव म्हणून निवडले. काम संपले म्हणून तेथे कोणी घरे पाडली नाहीत, की ती वाट बुजवली नाही.

आपल्या सेक्शनवरची मीटरगेज गेली. ब्रॉडगेज हवीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्याबरोबर पाण्याची दगडी टाकीही गेली आणि तिचा साधा फोटोही कोणाकडे नाही. जुने स्टेशन अजून उभे आहे. मीटरगेजवर काम केलेले काका-आजोबा आज समोर बसले आहेत. तरुणांनी त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवावे, फोटो काढावेत, एवढीच विनंती.