पक्ष लहान का राहिला? शेकापच्या वहीतून आपण काय घ्यायचे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे एकच प्रश्न आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत आपण आपले उमेदवार उभे करायचे की नाही? सकाळपासून दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. तरुण म्हणतात, मोर्चे काढून तळवे झिजले, आता आत शिरू. वडीलधारे म्हणतात, निवडणुकीत उतरलो की भावकी जागी होते आणि चळवळ झोपते. दोघांचेही खरे आहे. म्हणून मत देण्याआधी मी हिशेब मांडतो.

मी शेतकी शिकलेला माणूस. नवे वाण पेरायचे तर आधी जुन्या प्लॉटची वही काढून बघतो. आपण जे करू म्हणतो ते आपल्याआधी एका पक्षाने करून ठेवले आहे आणि त्याची पंच्याहत्तर वर्षांहून मोठी वही आहे. तो पक्ष म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आपला शेकाप. मी काही त्या पक्षाचा नाही. पण त्याचे पीक कुठे आले आणि कुठे करपले, हे आपल्याला कळायला हवे.

स्वातंत्र्य आले त्या साली, १९४७ ला, काँग्रेसमधल्याच काही मंडळींना दिसले की राज्य आपले आले, पण धान्याची सक्तीची लेव्ही, सावकार आणि खंड काही जात नाहीत. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव, दत्ता देशमुख ही मंडळी एकत्र आली. आधी काँग्रेसच्या आतच संघ काढला, आणि १९४८ ला बाहेर पडून पक्ष केला. यातले दत्ता देशमुख आपल्याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातले.

सुरुवात जोमदार होती. पण १९५० ला मालेगाव तालुक्यातल्या दाभाडी गावी अधिवेशन भरले आणि पक्षाने मार्क्सवादाची वाट धरली. कोणता मार्क्सवाद खरा, यावर लगेच वाद पेटला. दत्ता देशमुखांचा गट फुटून कामगार किसान पक्ष झाला. म्हणजे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत शेतकऱ्याच्या बाजूचे दोन पक्ष वेगवेगळे उभे. मुंबई विधानसभेत शेकापला १४ जागा आणि कामगार किसान पक्षाला २. पुढच्या काही वर्षांत खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परत गेले. पीक फुलोऱ्यात असताना राखणदारच निघून गेले, असे झाले.

तरी पक्ष मेला नाही. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तो समितीबरोबर उतरला आणि विधानसभेत ३१ जागा घेतल्या. ही त्याची सगळ्यात मोठी सुगी. आपल्या नगरची लोकसभेची जागाही त्या वर्षी काँग्रेसच्या हातून गेली होती. पण ते मत मुंबईसह महाराष्ट्रासाठी होते, ज्वारीच्या भावासाठी नव्हते. १९६० ला महाराष्ट्र मिळाला, आणि १९६२ ला पक्ष १५ वर आला. मागणी पुरी झाली की मत परत जाते. ही गोष्ट वहीत खूण करून ठेवा.

पुढचे आकडे वाचतो. १९६७ ला १९. १९७२ ला ७. १९७८ ला १३. १९८० ला ९. १९८५ ला १३. १९९० ला ८. १९९५ ला ६. १९९९ ला ५. २००४ ला २. २००९ ला ४. २०१४ ला ३. २०१९ ला १. २०२४ ला पुन्हा १, आणि तीही २८८ जागांच्या सभागृहात. लोकसभेत १९७७ च्या लाटेत ५ खासदार होते.

आता कोणी म्हणेल, मग यातून मिळाले काय? मिळाले, भावांनो. कापूसवाल्यांनी नीट ऐका. एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२-७३ च्या हंगामात सुरू झाली. १९७८ ते ८० या पुलोद सरकारच्या काळात शेकापचे प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री होते आणि त्यांनी ती नेटाने राबवली. त्या योजनेत दोष होते. चुकारे रखडायचे, प्रतवारीत हात मारले जायचे. पण आज खेडा खरेदीवाला काटा मारतो तेव्हा जुनी माणसे त्या योजनेची आठवण काढतात. रोजगार हमीसाठी १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर आणि सभागृहात जे भांडले, त्यांतही लाल बावट्याची माणसे होती. तेरा आमदारही शंभराचे काम करू शकतात, जर बाहेर माणसे उभी असतील तर.

मग आपल्या नगर जिल्ह्यात हा पक्ष का रुजला नाही? माझे उत्तर सरळ आहे. उत्तरेला प्रवरेचे पाणी होते, ऊस होता. १९५० ला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. मग एकामागे एक कारखाने झाले. त्या शेतकऱ्याला कर्ज मिळाले, उसाला गिऱ्हाईक मिळाले, पोराला नोकरी मिळाली. तो सत्तेबरोबर गेला, यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेडच्या कोरडवाहू माणसाला मात्र स्वतःचा पक्ष मिळाला नाही. आणि जो मुकादमाची उचल घेऊन कोयता उचलून गेला, त्याचे मत हंगामात गावात तरी असते का? दत्ता देशमुखांनी पुढची कितीतरी वर्षे पाण्याच्या समान वाटपावर काम केले. आठमाही पाण्याची शिफारस करणाऱ्या समितीत ते होते. विचार आपल्या बाजूचा होता. पण त्या विचाराच्या मागे उभी राहील अशी कोरडवाहू माणसाची संस्था गावात नव्हती.

आता दुसरा प्लॉट बघा. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला. पाऊस आपल्या कर्जत-जामखेडसारखाच रुसलेला. तिथून गणपतराव देशमुख १९६२ पासून २०१४ पर्यंत अकरा वेळा निवडून आले, सगळ्या वेळी एकाच पक्षाकडून. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले. २०२१ ला ते गेले. त्याआधी २०१९ ला त्यांच्या नातवाची जागा ७६८ मतांनी गेली होती, आणि २०२४ ला दुसऱ्या नातवाने ती परत आणली. आजोबांनंतर नातू, हेही मला फार आवडत नाही, ते इथेच सांगून टाकतो. पण प्रश्न असा की सांगोल्यात जे टिकले ते इतरत्र का टिकले नाही? कारण तिथे निवडणूक संपल्यावर काम सुरू होत असे. सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि ती चालली. आमदार एसटीने फिरायचा, आणि माणसाला तो पाच वर्षांनी नाही, बाजारच्या दिवशी भेटायचा.

आपली मालदांडी आठवा. हस्ताच्या ओलीवर पेरतो. वरून पुढे पाणी नाही. तरी ती उभी राहते, कारण मूळ खोल जाते. १९५७ चे ३१ हे वरच्या पावसाचे पीक होते. सांगोल्याचा १ हा ओलीवरचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. निवडणूक लढवायला माझी हरकत नाही, पण तीन अटींवर. पहिली, सगळ्या जिल्ह्यात पेरणी नको. मते पातळ पसरली की आपल्या निवडणूक पद्धतीत हाती काही लागत नाही. जिथे आपले काम पाच वर्षे जुने आहे, असे एक-दोन गट घ्या. दुसरी, त्या गटात आधी आपला वजनकाटा आणि ज्वारीचे गोदाम उभे राहिले पाहिजे. ज्याने आपल्या काट्यावर कापूस मोजला तो बूथवर आपल्याला विसरणार नाही. तिसरी, उमेदवाराने दर वर्षी ग्रामसभेपुढे हिशेब द्यायचा, आणि फुटायची वेळ आली तर आधी राजीनामा या बैठकीपुढे ठेवायचा. जेधे-मोऱ्यांसारखी मोठी माणसेही परत फिरली. आपण कोण?

या तीन अटी पुऱ्या होत नसतील तर या खेपेला थांबू. वाफसा नसताना पेरलेले बी वाया जाते, आणि बियाणे आपलेच असते. पण पुऱ्या होत असतील तर मागे सरू नका. वडीलधाऱ्यांची भीती खरी आहे. तरीही भीती म्हणून शेत पडीक ठेवले तर त्यात दुसऱ्याची जनावरे चरतात.

ठराव तुमच्यासमोर आहे. जेवायच्या आधी हात वर करून मत द्या. आणि ज्याने हात वर केला, त्याने गोदामाची वर्गणी आजच लिहून जावे.